दुसरी टाकी आधी लागते

दौलतनानांना मासे धरायची जागा विचारली, की ते आधी चप्पल काढतात, मांडी घालून बसतात आणि डोळे मिटून रस्ता सांगतात. त्या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी गेलेला माणूस हमखास चुकतो. हे मी ऐकीव सांगत नाही, सहा रविवार स्वतः चुकलो आहे.

नाना सुरतेत, आमच्या भेस्तानच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एकटे राहतात. मूळचे शहाद्याकडचे. तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. साधं 'च्या पितो का' विचारलं तरी भांडण लागल्यासारखं वाटतं. गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे मासे खाणं सोडाच, कोणी तळत असेल तर ते खिडकी लावून घेतात. असं असूनही तापी ओलांडल्यावर उत्तरेला, ओलपाडच्या बाजूला, गावोगाव जी तळी आहेत, त्यांतल्या कुठल्या काठाला रोहू लागतो, कुठे नुसता तिलापिया, आणि कुठल्या तळ्याचा ठेका दिलेला आहे म्हणून गळ टाकायचा नाही, हे सगळं त्यांना पाठ. माळकरी माणसाला हे कसं ठाऊक, हे मला कळत नव्हतं. विचारलं तर म्हणत, "तुले मासा पाहिजे का माझी कुंडली?"

"सोपं शे," ते सुरू करत. "पूल उतरला की पाण्याच्या दोन टाक्या. दुसरी टाकी आधी लागते. तिथं वळायचं नाही. मग पहिली लागंल, तिथं वळायचं."

"नाना, आधी लागते ती पहिली ना?"

"मग जा तुझ्या मनानं."

मग ते रस्ता पुढे नेत. पुढे एक भुरी म्हैस बांधलेली असणार होती. म्हशीपासून डावीकडे. मग जिथे वाऱ्याला पिठाचा वास येतो तिथून उजवीकडे. "यात चुकायसारखं काय शे?"

पहिल्या रविवारी मी आणि माझा मेहुणा भिकन मोटारसायकलवर निघालो. टाकी सापडली, कितवी ते माहीत नाही. म्हैस मात्र नव्हती. नानांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"म्हैस नाही? मग तुम्ही लवकर पोचले. थांबा जरा."

आम्ही दोघे चांगले कमावते बाप्ये वीस मिनिटं म्हशीची वाट बघत उभे राहिलो. एक आली, पण काळी. पुन्हा फोन.

"काळी? उन्हात पाहा, भुरी दिसंल. चला तिच्या मागं."

आम्ही तिच्या मागे गेलो. ती आपल्या गोठ्यात शिरली. मालकाने विचारलं, काय पाहिजे? भिकन म्हणाला, मासे. मालकाने म्हशीला जवळ ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी त्याच तळ्याचा रस्ता नानांनी दुसराच सांगितला. त्यात म्हैस नव्हती, पण दोन लिंबांच्या मधलं तिसरं लिंब होतं. दर रविवारी आठ-दहा फोन व्हायचे. आम्ही चिडायचो, नाना मात्र एकदाही चिडले नाहीत. "आता काय दिसतं? बरं. उजव्या अंगाला काय? बरं बरं." कधी तळं लागायचं, कधी नाही.

भिकनचं ठाम मत झालं, की म्हातारा मुद्दाम चुकवतो, चांगली जागा स्वतःला ठेवतो. मी म्हटलं, अरे, ते गळ टाकत नाहीत, मासा खात नाहीत, घराबाहेरही फारसे पडत नाहीत. जागा ठेवून करतील काय?  

सातव्या रविवारी टाकीपाशी एक दूधवाला भेटला. त्याने किटली न उतरवता हात करून सांगितलं, की या कालव्याच्या कडेने सरळ जा. गेलो. दहा मिनिटांत तळं. एक वळण नाही, एक म्हैस नाही. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण दोघांनाही कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

फोन पाण्यात पडू नये म्हणून मी मोटारसायकलच्या पिशवीत टाकला होता. भिकनचा घरीच राहिला होता. कणकेच्या गोळ्या लावून आम्ही लव्हाळ्याआड बसलो आणि अकरापर्यंत दोन रोहू धरले.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. कोणी दोर आणला, कोणी लांब बांबू. आम्ही गळ ठेवून धावलो. काय झालं म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, "सुरतना बे जणा डूबी गया छे."

भिकनने शर्ट काढला आणि छातीभर पाण्यात उतरला. मी बांबू धरला. चांगला पाव तास आम्ही चिखल ढवळत त्या दोन अभाग्यांना शोधत होतो. मी एकाला विचारलं, दिसायला कसे होते? तो म्हणाला, एक जाडा, एक टकला, लाल मोटारसायकल. मी भिकनच्या पोटाकडे बघितलं. मग माझा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला.

गर्दीतून नाना पुढे आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, एका पायात चप्पल नाही. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की दुखलं.

"फोन का नाही केला?" एवढंच म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

सकाळी सातपासून ते फोनजवळ बसले होते. नऊपर्यंत वाट बघून त्यांनीच लावायला सुरुवात केली, पण कोणी उचलेना. मग रिक्षा, मग बस, आणि शेवटी कुणाच्या तरी टेम्पोत बसून, वाटेत तीनदा चुकून, विचारत विचारत ते इथवर आले. मोटारसायकल उभी दिसली, आम्ही दिसलो नाही, तशी त्यांनीच ओरड केली होती.

गावातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं. तो मला हसत म्हणाला, हे भाई दर रविवारी यायचे, पण गळ यांच्या बाई टाकायच्या. तासन् तास हलायच्या नाहीत. हे त्या झाडाखाली स्कूटरला टेकून झोपायचे.

परतताना भिकन मासे घेऊन बसने गेला आणि नाना माझ्या मागे बसले. निघताना मी त्यांना दूधवाल्याचं सांगितलं. पूल जवळ आला तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले,

"ती तापीकाठची. भोई लोकांची लेक. आमच्या घरात मासा चालत नसे, तर धरायची आणि तिथंच गावात वाटून द्यायची. मला रस्ता कधी कळलाच नाही रे. मी नुसती गाडी हाकायचो. म्हैस आली, वळा. पिठाचा वास आला, वळा. ती मागून सांगायची." गाडी पुलावर चढल्यावर म्हणाले, "ती सांगायची तसंच सांगतो मी. ती जाऊन पाच वर्षं झाली. काही राहून जातं."

 मी गाडी हळू केली.

बिल्डिंगीशी उतरल्यावर ते कुलूप न काढता तसेच उभे राहिले.

"त्या दूधवाल्यानं सरळ रस्ता दाखवला ना तुम्हाला?"

"हो."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि किल्ली शोधू लागले. खिशात नव्हती, कमरेला नव्हती, हातातच होती.

मी म्हटलं, "नाना, तो रस्ता एकाच तळ्याचा. ते तळं ठेक्याला जायचं आहे म्हणतात. दुसरं एखादं सांगा."

हे ठेक्याचं मी तिथल्या तिथे रचलं होतं.

नानांनी दार उघडलं, उरलेली एक चप्पल काढली आणि मला आत बोलावलं. च्या मांडला. मग मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. ते आठवत होते की तिचं ऐकत होते, मला सांगता येणार नाही. च्या उतू जायला लागला तेव्हा मीच उठून गॅस बारीक केला.