नाडी बहात्तर

सागरकृपा नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिकाला इतकं महत्त्व होतं, की ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून कुलुपात ठेवलं होतं. ज्याच्यावर मुलींनी इंजेक्शन देण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं शिकायचं, तो रबरी बाहुला तीन वर्षांपूर्वी आला आणि त्याच दिवशी काचेच्या कपाटात गेला. क्लार्क गणपत यांनी त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला रीतसर केली. डेडस्टॉकातली वस्तू हाताळताना मोडली तर जबाबदार कोण, असा लेखी प्रश्न त्यांनी वर पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत चावी स्वतःच्या खिशात ठेवली. उत्तर अजून यायचंय. तोवर मुली काचेतून बाहुल्याकडे बघत कच्च्या पपईला इंजेक्शन द्यायच्या. पपईने कधी तक्रार केली नाही, हे मान्य करायला हवं.

संचिता शेवटच्या वर्षाला होती. तिची आई सुगंधा देवबागातल्या एका होमस्टेत दिवसभर मासे तळायची आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, त्याने विचारलेलं नसताना, आपली मुलगी नर्स होतेय म्हणून सांगायची. पुण्या-नाशिकपर्यंत बातमी गेलेली. त्यामुळे संचिताला नापास व्हायची सोयच उरली नव्हती. आता राहिली होती ती फक्त प्रॅक्टिकल फाइलीवर प्राचार्या विनीता मॅडमची सही.

फाइल म्हणजे शंभर रुग्णांच्या नोंदी. रुग्ण शंभर आणायचे कुठून, म्हणून प्रत्येक बॅच वरच्या बॅचची फाइल उतरवून काढायची. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांची काढलेली. मूळ फाइल कुणी लिहिली ते देवाला ठाऊक, पण ती बाई आकड्यांच्या बाबतीत ठाम होती. प्रत्येक रुग्णाची नाडी बहात्तर. बाळंतिणीची बहात्तर, तापाने फणफणलेल्याची बहात्तर. पान एकतीसवर एक वृद्ध गृहस्थ पहाटे चारला वारले आहेत, त्यांचीही सकाळी दहाला बहात्तर.

संचिताला एकच खोड होती. घरी गेली की ती आईचं मनगट धरून गुपचूप मोजायची. पहिल्यांदा ऐंशी आली तेव्हा तिला वाटलं, आईचंच काहीतरी चुकतंय. मग शेजारणीची अठ्ठ्याऐंशी आली, पोस्टमनची चौसष्ट. जिवंत माणसं फाइलीप्रमाणे वागत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. एवढं शहाणपण तिला कॉलेजने दिलं होतं.

मग तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. कॉलेजला जोडलेलं रुग्णालय मागेच सड्यावर, उघड्या कातळपठारावर होतं. खाटा शंभर, चादरी स्वच्छ, रुग्ण शून्य. मॅडमनी परिपत्रक काढलं : प्रत्येक विद्यार्थिनीने तपासणीच्या दिवशी घरून दोन रुग्ण आणावेत. रुग्ण स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत असावेत. आजारी रुग्ण शक्यतो आणू नयेत, त्यांची गैरसोय होते.

संचिताने एक शेजारीण आणली आणि धामापूरहून मामाला बोलावलं. धोंडूमामा म्हणजे साठीचा, भातशेती आणि काजूत हाडं झिजवलेला माणूस. गणपत यांनी दारातच आजारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. मामाला ‘ताप, दिवस तिसरा’ आला. बाजूच्या खाटेवरच्याला मोडका पाय मिळाला, त्यावर मामा जरा नाराज झाला, कारण प्लास्टर दिसायला झकास होतं. पण पंखा होता, चहा-बटर होतं. त्याने भाचीला जवळ बोलावून विचारलं, “तापाक कण्हूचा लागता की नुसता पडान ऱ्हवलय तरी चलात?”

समिती साडेअकराला आली. तिघे जण होते, तिघांनीही शहाळी घेतली. मग वॉर्डात फिरता फिरता अध्यक्ष नेमके मामाच्या खाटेपाशी थांबले आणि म्हणाले, या विद्यार्थिनीने रुग्णाची नाडी मोजून दाखवावी. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

संचिताने मनगट धरलं. मनगट गार होतं आणि घामाने ओलं. तिने घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं, मग पुन्हा एक मिनिट मोजलं.

“छत्तीस,” ती म्हणाली.

मॅडम हसल्या. अध्यक्षांना म्हणाल्या, मुलगी घाबरली आहे, दोन मिनिटं मोजली ना तिने, छत्तीस आणि छत्तीस बहात्तरच होतात. अध्यक्षांनी मान डोलावली आणि आपल्या कागदावर बरोबरची खूण केली.

मामा हळूच बोलला. “संचिता, छातीत कसातरीच होता गो. डोळ्यांम्होरं काळोख येता. तुझ्या कागदार ह्या नाय, माका ठावक आसा.”

संचिताने डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलं. तेव्हा कळलं की डॉक्टर आहेत, पण तपासणीपुरते. ते कुडाळात दातांचा दवाखाना चालवतात आणि सध्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून उभे आहेत. समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी रुग्णाचा कागद पाहिला आणि छातीची तक्रार नोंदलेली नाही असं निदर्शनास आणलं. तापाच्या रुग्णाला ऐनवेळी हृदयविकार घेता येणार नाही, गणपत म्हणाले, चिठ्ठ्या संपल्यात.

“मॅडम, हा माझा मामा आहे,” संचिता म्हणाली.

“आत्ता तो खाट क्रमांक सत्तावीस आहे,” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. “वॉर्डातून पाऊल बाहेर टाकलंस तर फाइलीवर सही होणार नाही.”

संचिताला आई आठवली. तळणीपाशी उभी राहून पाहुण्यांना सांगणारी आई. तिला रडू आलं, आणि रडतच तिने मामाच्या काखेत हात घातला. मोडका पाय मिळालेला शेजारचा रुग्ण टुणकन उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली. समितीपुढे प्लास्टरचा पाय व्हरांडाभर धावला. रुग्ण घेऊन आलेली रिक्षा फाटकापाशी उभी होती, तिच्यातून तिघे थेट सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरने मामाचं मनगट धरलं आणि फाइल न बघता ती डॉक्टरांकडे धावत सुटली.

तिथून मामाला गोव्याला नेलं. मामा वाचला. काळजाचे ठोके सांभाळणारं एक यंत्र त्याच्या छातीत बसवलं.

आता निकाल. समितीने कॉलेजला उत्तम शेरा दिला. प्लास्टरसह धावणारा रुग्ण बघून उपचारांचा दर्जा विशेष नावाजला. संचिताला प्रात्यक्षिकात नापास केलं. कारण लेखी आहे : सदर विद्यार्थिनीने तपासणी चालू असताना विनापरवानगी रुग्ण वाचविला, त्यामुळे एक खाट रिकामी दिसली.

ती आता पुन्हा शेवटच्या वर्षाला आहे आणि पुन्हा शंभर नोंदी उतरवते आहे. मामाला भेटायला गेली तेव्हा सवयीने मनगट धरलं. यंत्र चोख चालू होतं. बहात्तर. ही बातमी कॉलेजात पोचल्यावर मॅडम गणपत यांना म्हणाल्या, बघा, शेवटी फाइलच खरी ठरली.

बाकीच्या एकोणपन्नास जणी मात्र पहिल्या वर्गात पास झाल्या. पांढऱ्या युनिफॉर्मात, नावाची पट्टी लावून, त्या ठिकठिकाणी कामाला लागल्या आहेत. पोरी चांगल्या आहेत, बोलायला गोड. त्यांतलीच एखादी उद्या तुमच्या खाटेपाशी येईल, हसून तुमचं मनगट हातात घेईल आणि घड्याळाकडे बघेल. तुम्ही निवांत पडून राहा. तुमचा आकडा तिने येतानाच लिहून आणलाय.