जाहिरातीतून नाहीसा झालेला मधला

"माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही," असं भिंगराव छाती फुगवून सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं. कारण आजवर एकही गुन्हेगार त्यांच्या हाती लागलेलाच नव्हता. "माझी नजर म्हणजे क्ष-किरण. माझं नाक म्हणजे होकायंत्र. आणि मेंदू म्हणजे..." इथे ते थांबत. मेंदूला शोभेशी उपमा अजून सापडायची होती. त्यांच्या कार्डावर ‘गुप्तहेर’ ही अक्षरं सोनेरी शाईत, रस्त्यापलीकडूनही वाचता यावीत इतकी ठसठशीत छापलेली होती. कोटाच्या खिशात बशीएवढं भिंग असे, म्हणून लोक त्यांना भिंगराव म्हणत.

त्यांचे सहायक म्हणजे त्यांचे मेव्हणे. चाळीस वर्षं छापखान्यात सुट्या कागदांवरची मुद्रितं तपासून निवृत्त झालेला, चुकलेल्या वेलांटीखेरीज कुणावर न चिडलेला माणूस. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. बहिणीने गळ घातली होती, "तू यांच्याबरोबर जात जा रे. निदान हे घरी तरी नीट परत येतील."

त्या दिवशी सकाळीच एका संगीत मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला.

"आमच्याकडून एक माणूस नाहीसा झालाय."

"कुठून?" भिंगरावांनी वही उघडली.

"जाहिरातीतून."

दोघे तडक मासिकाच्या कचेरीत पोचले. लांबलचक टेबल, टेबलावर वार्षिक अंकाची पहिली प्रत, आणि टेबलाभोवती एकमेकांकडे न बघणारी तीन भावंडं. थोरला गोलमटोल, धाकटी झिपरी, आणि मधला खुर्चीच्या टोकावर बसलेला. तिघं मिळून गात. ‘तिठा’ नावाचा त्यांचा पहिला अल्बम त्याच संध्याकाळी त्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमात निघणार होता. कोपऱ्यात त्यांची आई चष्मा पुसत बसली होती.

"प्रकार असा आहे," संपादकबाई म्हणाल्या. "समोरासमोरच्या दोन पानांवर ‘तिठा’ची जाहिरात आहे. आमच्या मांडणीकार मुलीने केलेली. मूळ कागद तो बघा, भिंतीवर."

भिंतीवरच्या लांब कागदावर डावीकडे थोरल्याचा भलामोठा चेहरा होता, उजवीकडे धाकटीचा. मधे दूरवर तीन रस्ते एकत्र येत होते आणि तिथून बोटभर उंचीचा मधला चालत येत होता. रस्ते, विजेच्या तारा, झाडांच्या रांगा, सगळ्या रेषा त्याच्याकडेच धावत होत्या.

"आणि अंकात हे!" मधला उसळला. "रस्ते आहेत, तारा आहेत, झाडंसुद्धा आहेत. मी नाही! दोन पानांची जाहिरात, आणि माझ्या तोंडाला दोन्ही पानं पुसली. मी आज गाणार नाही. ह्यांनी दोघांनी गावं."

"तू नसशील तर गाणं उभं कसं राहील?" धाकटी म्हणाली.

"जाहिरात राहिली की उभी!"

मांडणीकार मुलीचे डोळे भरून आले. "मी त्यांना सगळ्यात महत्त्वाची जागा दिली होती हो," ती पुटपुटली. ही तिची मासिकातली पहिलीच जाहिरात. आधी ती भिंतीवरची पोस्टरं करायची.

"मला तो अंक बघू दे जरा," आई म्हणाली.

"खबरदार! पुराव्याला हात लावायचा नाही." भिंगरावांनी चिमट्याने अंक उघडला, तोही वीतभर फटीएवढाच, आणि आत भिंग घातलं. "भिंतीवर तीन, अंकात दोन. म्हणजे, मेव्हणे, एक कमी."

मेव्हण्यांनी वहीत लिहून घेतलं. "भाऊजी, जरा पूर्ण उघडून..."

"ठसे पुसले जातील! आता बघाच, एकेकाचं भिंग फोडतो."

"आधी हातातलं सांभाळा," मेव्हणे म्हणाले.

पहिला संशय थोरल्यावर. त्याच्या खिशात कात्री सापडली. "हिनेच भावाला कापून काढलंत!" भिंगराव गरजले.

"ती मिशीची आहे," थोरला म्हणाला. "आणि पान कापलं असतं तर भोक नसतं का पडलं?"

भिंगरावांनी पान उजेडात धरून बघितलं. भोक नव्हतं. "फार सफाईदार हात आहे," ते म्हणाले आणि धाकटीकडे वळले. तिच्या बाहीवर पांढरट चुरा होता. "खोडरबराचा चुरा! भाऊ खोडून टाकलात!" त्यांनी चिमूटभर चुरा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, मग आणखी थोडा घेतला. "बिस्कीट. खारं," असं त्यांनी कबूल केलं.

मग मांडणीकार मुलीची पाळी. "प्रेम!" भिंगराव एकदम हळवे झाले. "तुम्ही ह्यांचं चित्र काढून घेऊन पाकिटात जपलंय. उघडा पाकीट." पाकिटात खरोखरच एका पुरुषाचा फोटो निघाला. टक्कल, पांढऱ्या मिशा.

"माझे बाबा आहेत," मुलगी म्हणाली.

"म्हणजे ह्यांनी तुमच्या बाबांचा वेष घेतला!"

मेव्हण्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ चुका दुरुस्त केल्या होत्या, पण त्या सगळ्या कागदावर होत्या.

भिंगराव आता येरझारा घालू लागले. अचानक थबकले. "उमगलं! अंक खोटं बोलत नाही. अंकात मधला नाही, कारण मधला नाहीच! तिसरं भावंड मुळात कधी नव्हतंच. हा समोर बसलेला इसम तोतया आहे!"

मधला आधी संतापणार होता, पण त्याचा चेहराच उतरला. "घरीही मला हेच वाटायचं," तो हळूच म्हणाला. "प्रवासात खिडक्या दोन. दोघं खिडकीशी, मी कायम मधे."

"पुरे!" आई उठली. "मी जन्म दिलाय त्याला. आणा तो अंक इकडे."

भिंगराव चिमटा आडवा धरेपर्यंत तिने अंक टेबलावर पालथा टाकला, पुन्हा सुलटा केला, जाहिरातीचं पान काढलं आणि पोळपाटावर हात दाबावा तसा तळवा मधोमध दाबला. अंकाची पाठ कडकन वाजली. दोन पानांच्या बेचक्यातून आधी एक बूट बाहेर आला, मग कोट, मग नाक.

"हा काय इथे," आई म्हणाली. "घडीत बसलाय."

मग संपादकबाईंनी कपाळावर हात मारला. "यंदा पानं वाढली म्हणून टाचण्या सोडून डिंकाची बांधणी केली आपण. मधली बोटभर जागा पाठीने गिळली."

"पोस्टरला घडी नसते हो," मांडणीकार मुलगी रडता रडता हसली.

मधला मात्र पानाकडे बघत राहिला. आई त्याच्याशेजारी बसली. "तुला मधे का बसवायचे, ठाऊक आहे? हे दोघं शेजारी बसले की एकमेकांचे केस उपटायचे. तू असलास की गप्प. आणि झोपलास तर कुठेही कललास तरी कुणाचा ना कुणाचा खांदा असायचा."

"तुझी लाळ माझ्या सदऱ्यावर असायची," थोरला म्हणाला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिघं एकमेकांकडे बघून हसली.

"मी म्हणतच होतो," भिंगराव खिशात भिंग ठेवत म्हणाले, "तो मधेच कुठेतरी असणार."

"आपण म्हणालात, तो जन्मालाच आला नाही," मेव्हणे म्हणाले.

"ती दिशाभूल होती. आईला बोलतं करण्यासाठी."

संध्याकाळी तिघं गायली. मधल्याचा सूर दोघांच्या मधे असा बसला की तो काढून बघावा असं कुणालाही वाटलं नसतं. कार्यक्रम संपल्यावर लोक सह्या घ्यायला अंक घेऊन आले. थोरल्याने आपल्या गालावर सही ठोकली, धाकटीने आपल्या केसांत, आणि दोघं पाच मिनिटांत मोकळी झाली. मधल्याला मात्र प्रत्येक अंक मांडीवर घेऊन, पाठ मोडून, पानं दाबून आधी स्वतःला शोधावं लागत होतं. त्याच्यापुढची रांग हलेचना. दारापर्यंत गेली, दाराबाहेर वळली. शेवटी मेव्हणेही अंक घेऊन उभे राहिले.

"अरे, आटप ना, किती वेळ?" थोरल्याने लांबून हाक मारली.

"थांबा की," मधला मान वर न करता म्हणाला. "मी अजून बाहेर यायचोय."