नूडल्या जेवत नाही

आमच्या शेजारचे रामटेके भाऊ "जय भीम" म्हणतात आणि श्वास न घेता पुढचं विचारतात, "जेवले का?" सकाळी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटले तरी तेच. पार्सल टाकायला आलेल्या माणसालाही ते दारातून "यू एट?" म्हणून विचारतात. तो बिचारा पार्सल ठेवून पळतो. एकदा बर्फात घसरून एका बाईची गाडी समोरच्या खांबाला टेकली. भाऊ धावत गेले. ब्लँकेट नंतर आणलं, आधी पराठा दिला.

भाऊ नागपूरकडचे. केस काळे होते तेव्हापासून इकडे कॅनडात, व्हिटबी गावात आहेत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी, पण बरंचसं काम घरूनच, कॉम्प्युटरवर. आमची घरं जोडून आहेत, मधली भिंत एकच. मी मुलाकडे राहते. मुलगा-सून कामाला गेली की मी आणि ती भिंत. पलीकडून एरवी काही ऐकू यायचं नाही. दुपारी एकदा मायक्रोवेव्हची पीं पीं, बस.

जयंतीच्या कार्यक्रमाला मात्र जेवणाचं खातं भाऊंचं. पातेलं घेऊन पंगतीत फिरतात. "नको" हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. "बस, आखरीचं," म्हणतात आणि वाढतात. पुन्हा येतात तेव्हाही ते आखरीचंच असतं. मी आधीच लाजाळू. चार माणसांत मला घास उतरत नाही. भाऊ येताना दिसले की मी पाण्याच्या निमित्ताने उठते.

अशा माणसाच्या घरी एक न जेवणारा पाहुणा आला.

भाऊंची मुलगी समता मॉन्ट्रियलला शिकते, जवळच ब्रॉसार्डला खोली घेऊन राहते. तिथल्या मालकिणीने साप चालणार नाही म्हणून सांगितलं. म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत ती काचेची पेटी बापाकडे ठेवून गेली. पेटीत हातभर लांबीचं, अंगठ्याएवढं जाड पिल्लू. तिने नाव ठेवलं होतं नूडल. भाऊंनी त्याचा नूडल्या केला.

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा दाराला पाठ लावून उभी राहिले.

"घाबरू नका ताई, विषारी नाही," भाऊ म्हणाले. "अजगराच्या जातीचं आहे. लेकरू आहे."

"खातं काय?"

"उंदीर. फ्रोझन भेटते दुकानात. हप्त्याला एक."

ते उंदीर भाऊंच्या फ्रीझरमध्ये मटारशेजारी आइसक्रीमच्या डब्यात असतात. माझ्या सुनेने एकदा बर्फ काढताना तो डबा उघडला. तेव्हापासून ती त्यांच्याकडचं गोड खात नाही.

समताकडे हा नूडल्या नीट खायचा. भाऊंकडे आला आणि त्याने तोंड मिटलं.

मग आमची भिंत बोलायला लागली. "अबे नूडल्या, खाय ना बे! पाह्य, कसा गरम करून आणला. काऊन रुसला? एक घास. आखरीचा." भाऊ उंदीर कोमट पाण्यात ठेवून त्याचा गारठा काढायचे, चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढे नाचवायचे. पेटी कॉम्प्युटरच्या बाजूलाच ठेवली होती. मिटिंगमध्ये इंग्रजीत बोलता बोलता मध्येच "खाय ना" म्हणायचे. घडीघडी त्याला बाहेर काढून पाठीवरून हात फिरवायचे, "वाळला रे माझा बाप्पा."

दुकानातल्या मुलीने सांगितलं, काही लोक उंदीर चिकनच्या सूपमध्ये बुडवून देतात. भाऊंच्या लेखी सूप म्हणजे रस्सा. रविवारचा कोंबडीचा रस्सा, वर लाल तर्री, त्यात उंदीर बुडवला आणि दिला. नूडल्याने एकदा जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि सरळ पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला.

भाऊ आमच्या दारात आले. "ताई, तिखट झालं असेल काय?"

मी पदर तोंडाला लावला. "तुमचा हात जरा तिखटच आहे भाऊ."

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके सकाळी भाऊ नेहमीसारखे आपल्या आणि आमच्या दारातला बर्फ शोव्हल करायला आले, आणि मला "जेवले का" विचारलंच नाही. फावडं धरून नुसते उभे.

"काय झालं भाऊ?"

"समता म्हणते, रविवारपर्यंत नाही खाल्लं तर इकडच्याच वॉन गावातला तिचा मित्र येऊन घेऊन जाईल. त्याच्याकडं साप आहेत. त्याले समजते."

"मग बरंच की. जीव वाचेल त्याचा."

"बरंच आहे." भाऊंनी फावड्याने उगाच बर्फ टोकरला. "पण ताई, आधी पोरगी कधीमधी फोन करे. 'हाय डॅड, बिझी आहे, बाय.' हा आला तेव्हापासून रोज करते. व्हिडिओ लावते. पेटी दाखवा म्हणते. पेटीपुढं मीच बसलेलो असतो, तर मीही दिसून जातो तिले."

मी विचारलं, "दुकानातली मुलगी आणखी काही म्हणाली का?"

"म्हणते, पेटी झाका, अंधार करा, उंदीर ठेवा अन निघून जा. पाहू नका, हात लावू नका. असं कुठं असते काय? पाहुण्याले वाढायचं अन निघून जायचं?"

मी जन्मात कोणाला स्वतःचं काही सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"भाऊ, मागच्या जयंतीला तुम्ही मला पुऱ्या वाढल्या होत्या ना?"

"हो. खाल्ल्या ना?"

"खाल्ल्या. पण जॅकेटं टांगतात त्या खोलीत जाऊन. लोकांच्या जॅकेटांमागे उभी राहून. कोणी बघत असलं की मला गिळवत नाही."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मग एकदम लक्षात आल्यासारखं दुसरीकडे बघायला लागले.

शनिवारी त्यांनी पेटी आतल्या खोलीत हलवली, वरून चादर टाकली, उंदीर आत ठेवला, दिवा मालवला. पण भाऊ घरात राहिले असते तर चादर दोन मिनिटंही टिकली नसती. म्हणून त्यांना आमच्या किचनमध्ये आणून बसवलं. मुलगा-सून ग्रोसरीला गेली होती.

"ताई, चाबी तिकडंच राहिली."

"खिशात आहे तुमच्या."

"शेगडी बंद केली की नाही पाहून येतो."

"तुम्ही आज पेटवलीच कुठे?"

मग त्यांनी भिंतीला कान लावला.

"भाऊ, साप काही मचमच करत खात नाही. बसा."

मी पिठलं टाकलं, भाकरी थापली. ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि तव्याकडे वळले. थोड्या वेळाने जाणवलं, भाऊंची बडबड बंद झाली आहे. वळून बघितलं तर ताट पुसून लख्ख.

"अजून टाकू?"

"नाही नाही, बस."

मीही ते ऐकलं नाही. "आखरीची," म्हणाले आणि भाकरी वाढली.

भाऊ हसले. मग भाकरीचा पापुद्रा उलगडत म्हणाले, "ताटावर बसून गरम भाकर खाल्ल्याले किती दिवस झाले."

"असं कसं? तुम्ही तर रविवारी केवढा स्वयंपाक करता."

"करतो अन वाटतो. एकट्यासाठी काय मांडायचं ताई? बायको गेल्यापासून कालचं काही गरम करतो अन सिंकपाशी उभ्या उभ्याच संपवतो."

मला ती दुपारची पीं पीं आठवली. मी गुपचूप आणखी पिठलं वाढलं.

भाऊ घरी गेले. जरा वेळाने भिंतीतून आवाज आला, "खाल्लं बे! खाल्लं नूडल्यानं!" आमच्या फडताळातल्या वाट्या वाजल्या. लगेच समताला फोन. तिचाही आवाज भिंतीतून आला, "ओ माय गॉड, डॅड! यू डिड इट! हाऊ?"

"मी काही नाही केलं. शेजारी जाऊन जेवलो."

वॉनचा मित्र आलाच नाही. समताचे फोन चालू आहेत. नूडल्या आता अंगठ्याएवढा राहिला नाही म्हणतात, भाऊंच्या दोन बोटांएवढा जाड झाला आहे. दर शनिवारी भाऊ त्याला वाढतात, चादर टाकतात आणि आमच्याकडे येऊन जेवतात.

मागच्या बुधवारी दुपारी बेल वाजली. दारात भाऊ, टोपीवर बर्फ.

"जय भीम ताई. नूडल्याले वाढून आलो. म्हटलं, घरात थांबायले नको."

नूडल्या शनिवारीच जेवला होता. पुढच्या शनिवारपर्यंत त्याला काही द्यायचं नसतं, हे मला भाऊंनीच शिकवलं होतं.

"या ना," मी म्हणाले आणि तवा ठेवला.

त्या दिवशी मी माझंही ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले. भाऊ जेवण होईपर्यंत खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले. माझ्या ताटाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.