दूध संघाची मोटार आणि शांताक्काचा चहा

अणदूरच्या वेशीत शिरता शिरता दूध संघाच्या मोटारीने फुसकन् वाफ सोडली आणि ड्रायव्हर बिभीषणने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर संघाचे चेअरमन आबाराव बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ओरडले असते तर बिभीषणला बरं वाटलं असतं.

परवाच त्यांनी दम भरला होता, "परत मोटार उकळली तर चावी ठिवायची आन् खडी फोडायला जायचं." ही नुसती धमकी नव्हती. आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी भर रस्त्यात उतरवलं होतं आणि तो बिचारा आता दुष्काळी कामावर खरोखरच खडी फोडत होता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरी कोरड्या पडलेल्या, टँकर येईल तेव्हा खरा. अशा दिवसांत ही मोटार गावोगाव पाणी पीत हिंडायची. चहा मागितला तर लोक हौसेने देत. मोटारीसाठी तांब्याभर पाणी मागितलं की 'घरात कुणी न्हाय' असं घरातूनच सांगत.

मोटार महांतप्पांच्या दारात थांबली. महांतप्पा गावच्या दूध सोसायटीचे सचिव. "माझी सभा हुईस्तवर नीट कर," एवढंच बोलून आबाराव त्यांच्याबरोबर खंडोबाच्या देवळाकडे गेले. सभेचा विषय होता, पाणी जपून वापरा.

बिभीषणने बॉनेट उघडलं. इंजिनावर भाकरी भाजली असती; वरची रबरी नळी मात्र गार. त्याला धाराशिवच्या मिस्त्रीचं बोलणं आठवलं, "इंजिन तापलंय आन् नळी गार, म्हंजी थर्मोस्टॅट अडकला. पितळी झडप असती ती, पानी तापलं की उघडती. काढायची आन् उकळत्या पान्यात टाकायची. उघडली तर रोग दुसरा. न्हाय उघडली तर बिगर झडपेची गाडी हाक."

इंजिन जरा निवल्यावर त्याने आतलं पाणी घमेल्यात धरलं, झडप काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत महांतप्पांची बायको शांताक्का चुलीपुढे बसली होती.

"अक्का, उकळतं पानी पायजे. ही झडप बुडंल एवढंच."

"चुलीवर चहाचं आधण हाय, साहेबासाठी. दुसरं पानी घरात न्हाय."

"मग त्यातच टाकू का?" बिभीषणच्या तोंडून निघून गेलं.

"शिव शिव. गिरीस लागलंय त्याला. चरबी असती म्हनं त्यात. आमच्या चुलीवर?"

"अक्का, मोटार निघाली न्हाय तर माझी नोकरी जाती."

"म्हनून म्या चरबी उकळू व्हय?"

"आन् निघाली न्हाय तर साहेब आज हितंच मुक्कामाला."

शांताक्काचा फुंकणीवरचा हात थांबला. "आंघुळीला किती पानी लागतंय त्यास्नी?"

"सकाळी दोन बादल्या. सांजच्याला आनिक एक."

आता भिण्याची पाळी तिची होती. तिने बिभीषणच्या हातून झडप ओढून घेतली आणि चिंच-राख लावून अशी घासली की देवघरातल्या समईने लाजावं. घासताना काहीतरी कट्कन वाजलं, पण तिकडे लक्ष द्यायला दोघांनाही सवड नव्हती. झडप आधणात पडली. पाणी खदखदू लागलं तरी तिचं तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

"मेली," बिभीषण म्हणाला. कुणाच्या मरणाने त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. बोलून बोलून चेअरमनांचा घसा सुकला होता आणि टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती, म्हणून सभा लवकर आटोपली होती. शांताक्काने चिमट्याने झडप काढून बिभीषणच्या हातात कोंबली आणि त्याच आधणात साखर-पत्ती टाकली.

"अक्का, ह्याच पान्यात?"

"फेकून देऊ? एवढं पानी? तूच सांग."

बिभीषणने बाहेर धाव घेतली, झडपेविनाच इंजिनाचं झाकण बसवलं, घमेल्यातलं पाणी परत ओतलं आणि कमी पडलं तिथे म्हशीसाठी ठेवलेलं भांडी विसळलेलं पाणी घातलं. म्हैस बघत राहिली.

तो परतला तेव्हा शांताक्का चहा गाळत होती. गाळणीला चांगलं बोटाएवढं भोक होतं. पहिला कप चेअरमनांचा. त्यांनी घोट घेतला आणि ते थांबले. तोंडात काहीतरी घोळवलं, नजर छताला लावली. दाराआड शांताक्काने पदर तोंडात धरला.

"चहा बरा न्हाय का, साहेब?" महांतप्पांनी विचारलं.

"झकास हाय."

"आनिक एक टाकायला सांगू?"

"नको," आबाराव घाईने म्हणाले आणि कप रिकामा करून उठले.

परतीच्या वाटेवर मोटार शहाण्यासारखी चालली. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. वाचलो, असं बिभीषण मनाशी म्हणतो तोच रस्त्याकडेला खडीचे ढीग दिसू लागले आणि मागून आवाज आला, "गाडी बाजूला घे."

त्याने गाडी थांबवली. चावी काढून न सांगताच मागे धरली. आबारावांनी ती घेतली नाही. त्याच हातावर त्यांनी एक बारीक पितळी कडी ठेवली.

"ही मोटारीची का महांतप्पाच्या घरची?"

बिभीषणने एका दमात सगळं सांगून टाकलं. चरबी, आंघोळ, म्हैस, काहीच राखून ठेवलं नाही. आबारावांनी गालाला हात लावून पाहिला.

"मला वाटलं दात पडला. लई भ्यालो," ते म्हणाले. "मग कडी हाय कळलं तर गालात धरून बसलो. बोललो असतो तर त्या बाईनं दुसरा चहा टाकला असता. पानी कुठनं आनलं असतं तिनं?"

बिभीषणने कडी खिशात टाकली.

"पुढच्या टायमाला असलं काय उकळायचं असलं तर माझ्या आंघुळीच्या पान्यात उकळ. आन् त्यांच्यात मुक्काम पडलाच तर साहेबाला एक तांब्या लागतो म्हनून सांग. चल, हाक."

बिभीषणने चावी लावायला घेतली. ती काही केल्या भोकात जाईना. शेवटी आबारावांनीच मागून वाकून त्याचं मनगट धरलं आणि चावी भोकात बसवली.