पटांगणातली हळद

पालेगावच्या शाळेत भाषा मंडळ आणि चित्रकला मंडळ यांचं वैर कशावरून, तर एका खोलीवरून. खोली तरी कसली? प्रयोगशाळेच्या मागची, एक पंखा आणि दोन मोडके बाक असलेली. पण नववीतली जिज्ञासा भाषा मंडळाची अध्यक्ष झाली आणि त्या खोलीवर तिचा जीव जडला. आपलं मंडळ, आपली खोली, दारावर आपली पाटी, एवढंच तिला हवं होतं.

मुख्याध्यापिका किर्ती मॅडमनी निकाल सोपा करून टाकला. "शनिवारी दोघांनीही कार्यक्रम करा. ज्याच्याकडे जास्त माणसं येतील, खोली त्याची. नंतर माझं डोकं खायचं नाही."

चित्रकला मंडळाच्या भूपेशने लगेच हॉल अडवला. जिज्ञासाच्या वाट्याला पटांगण आलं, आणि मंडळात पोरी अवघ्या सात.

"निबंध ऐकायला उन्हात कोण बसणार?" भूपेश म्हणाला. "तुझी मम्मीपण आमच्याकडे येईल बघ. हॉलमध्ये पंखे आहेत."

हे जिज्ञासाला फार लागलं. ती तडक चुलत आजीकडे, मोतीबाईकडे गेली. मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नातल्या त्या जुन्या गाण्यांशिवाय, हळद लागत नाही.

"आजी, शाळेत धवले गाशील? आपल्या बोलीतली गाणी आहेत, भाषा मंडळात चालतात."

"गाईन गो. पन मांडवाबिगर मी तोंड उघरत नाय."

आता मांडव कुठून आणायचा? पण मोतीबाईचा मुलगा चंदर मांडव डेकोरेशनवाला. "हलदीचा पिवला सेट गोडाऊनला खालीच परून हाय," तो म्हणाला. "टाकतो. स्पीकर पन घे, कोपऱ्यात उगाच धूल खातंय."

शनिवारी चार वाजता पटांगणात पिवळाधमक मांडव उभा राहिला. सात पोरी पिवळे ड्रेस घालून आल्या, कारण मांडवाला मॅचिंग हवं. मोतीबाईने चौक भरून घेतला, आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, बांधून घेतले आणि माईक तोंडाशी धरला. स्पीकर चंदरचा, म्हणजे आवाज पार बदलापूरच्या रस्त्यापर्यंत.

आणि इथेच घोटाळा झाला. पालेगावात धवले ऐकू आले की कुणी 'कोणाची हळद' असं विचारत नाही. विचारलं तर आपल्याला आमंत्रण नव्हतं हे चारचौघांत उघड होतं. त्यामुळे माणसं फक्त 'कुठे' एवढंच विचारतात, कपडे बदलतात आणि निघतात.

दुसऱ्या धवल्याला बायका आल्या, नऊवारीत, गळ्यात सोनं घालून. तिसऱ्याला पांढऱ्या शर्टांतले बाप्ये आले. मग रिक्षा भरभरून पाहुणे. भूपेशचे आईवडील हॉलकडे जायला निघालेले, तेही मांडवात शिरले आणि पुढच्या खुर्च्या धरून बसले.

जिज्ञासा हरखून गेली. तेवढ्यात एका काकूंनी तिची हनुवटी धरली. "करवली का गो तू? नवरा कंय हाय?"

गर्दी पाहून किर्ती मॅडम खाली आल्या, आणि नेमक्या पिवळ्या साडीत. "शांत बसा, ओळीत बसा," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या आईशिवाय इतका हुकूम कोण सोडणार? बायकांनी त्यांना मधोमध बसवलं आणि दोन्ही गालांना हळद फासली.

"अहो, मी मुख्याध्यापिका आहे!"

"आसूं दे ना. शिकलेली विहीन बरी."

मागच्या रांगेतून म्हातारे नाथाबाबा म्हणाले, "जेवन कवा हाय?" आणि सगळ्या माना मांडवामागे चूल शोधू लागल्या. हळदीला बोलावून उपाशी धाडलं असं गावभर झालं, तर मोती आजीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जिज्ञासाने माईक घेतला.

"ऐका ना... हळद कोणाचीच नाहीये. हा आमच्या भाषा मंडळाचा कार्यक्रम आहे. जेवण नाही. माफ करा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर आला होता.

"मंग जेवन नाय?" नाथाबाबांनी खात्री करून घेतली.

"नाही बाबा."

"बरा. गाना तरी पुरा होऊं दे."

कुणीच उठलं नाही. बायकांनी मोतीबाईच्या मागे सूर धरला. हॉलमध्ये एकटा पडलेला भूपेश शेवटी ड्रॉइंग बोर्ड आणि कागद घेऊन बाहेर आला आणि मॅडमचं हळदीने माखलेलं तोंड काढत बसला. अंधार पडला तरी पटांगण हलेना. जिज्ञासाला रडू आलं, ते आनंदाचं.

सोमवारी मॅडमनी दोघांना बोलावलं. कानामागे हळद अजून दिसत होती.

"भाषा मंडळ जिंकलं, वादच नाही. पण जिज्ञासा, एवढी माणसं त्या खोलीत मावणार कशी? तुम्हाला आता दर शनिवारी पटांगण. खोली रिकामी कशाला ठेवायची? ती चित्रकला मंडळाला."

जिज्ञासाने हिशेब करून पाहिला.

"मॅडम, आणि आम्ही हरलो असतो तर?"

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला.

"तर खोली चित्रकला मंडळाला मिळाली असती."