उमाकांतरावांचं वजीरदान

मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळच्या चहानंतर उमाकांतराव आणि प्रेमाताई बुद्धिबळाचा एक डाव खेळत, आणि उमाकांतराव हरत. सरकारी कारखान्यात रडार बनवण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्यांना रोज बायकोकडून मात! निवृत्तीनंतर हे फारच झोंबू लागलं, तेव्हा त्यांनी डावपेच शिकवणारं एखादं पुस्तक आणायचं ठरवलं. (तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं.)

दुकानात त्यांनी आधी योग्य तेच पुस्तक उचललं होतं. पातळ, दोन-दोन चालींची सोपी कोडी. पण मुखपृष्ठावर चष्मा लावलेला हत्ती होता, आणि नेमके मागून त्यांचे जुने साहेब जयतीर्थ आले.

"एनु उमाकांत, काय हे, नातवासाठी का?"

"छे छे! हे असंच चाळत होतो. माझं ते," म्हणत त्यांनी शेजारचा ठोकळा छातीशी धरला. त्यात पानोपानी वजिराचं बलिदान आणि मात, एवढंच होतं.

मग रोज चहानंतर ठोकळा उघडू लागला. प्रेमाताई पट मांडून विचारत, "एक डाव?"

"थांब गं, मला तयार तर होऊ दे!"

हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं आणि पट घेऊन त्या खालच्या मजल्यावर तुंगाबाईंकडे जाऊ लागल्या. बरं झालं, अभ्यासाला शांतता मिळाली, असं उमाकांतरावांना वाटलं. (हुशार माणूस!)

एकदाचा ठोकळा संपला. त्या संध्याकाळी त्यांनी खाली निघालेल्या प्रेमाताईंना दारातून परत बोलावलं. डाव जेमतेम सुरू होतोय तोच त्यांना बलिदान दिसलं. हल्ली त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं! राजाशेजारचं प्यादं खाऊन त्यांनी वजीर थेट राजाच्या तोंडी दिला. "शह!"

प्रेमाताईंनी पट पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हा फुकट आहे का?"

"घे की. घेऊन तर बघ!"

त्यांनी घेतला. पुढची चाल उमाकांतराव शोधत राहिले. पुढे काहीच नव्हतं. चहाचं भांडं निवायच्या आत डाव आटोपला.

"रोज पुसते मी ते पुस्तक," प्रेमाताई म्हणाल्या. "त्यात चित्राखाली 'आता मात करा' असं छापलेलं असतं. आपल्या पटाखाली कोण छापणार?"

उमाकांतरावांना फार वाईट वाटलं. हरल्याचं नाही, ती सवयच होती. इतक्या संध्याकाळी ही समोर पट मांडून बसली आणि आपण मान वर केली नाही, याचं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "ठोकळा टाकतो माळ्यावर. मांड परत, पूर्वीसारखं रोज खेळू."

"आज नको, तुंगाबाई वाट बघतायत." प्रेमाताईंनी चपला घातल्या.

"अगं, त्यांना येतं तरी का? घोडा सरळ चालवतात त्या!"

"चालवतात ना. पण हरायला थोडा वेळ तरी लावतात."