सत्कारमूर्तींनी येऊ नये

एडविन पारधे यांनी ठरवलं, की ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही. पुढे जो काही घोळ झाला, तो या एका ठरवण्यामुळेच झाला.

तसा त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. संगमनेरात निवृत्त मंडळींचा 'सांजवर्ग' नावाचा एक गट आहे. दर रविवारी चार वाजता वाचनालयामागच्या हॉलमध्ये हे विद्यार्थी जमतात. कुणी मोबाईलवर नातवाचं तोंड बघायला शिकतं, कुणी इंग्रजी, कुणी पेटी. (पेटीवाले अजून 'सा'वरच आहेत, पण तो 'सा' आता लांबूनही ओळखू येतो.) दूध संघाच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एडविन या वर्गाचे सचिव. सचिव म्हणजे सह्या करणारे. वर्ग चालवणारी माणसं दुसरीच होती.

एक बायडाबाई. अंगणवाडीत हयात घालवलेल्या. हॉल उघडणं, झाडणं, चहा, फोन करून एकेकाला आठवण देणं, सगळं त्यांच्याकडे. अब्राहामकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन महिने त्या काकांच्या घरी जाऊन प्रत्येक रविवारचा धडा वाचून दाखवत होत्या. काका म्हणायचे, दिसायला लागलं तरी हे बंद करू नका. दुसरे कानिफनाथ, मूळचे पाथर्डीचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ज्यांना चालवत नाही त्यांना आपल्या जुन्या व्हॅनमधून आणायचं, पोचवायचं आणि मोबाईल शिकवायचा. राहीबाईंनी एकच प्रश्न शंभरदा विचारला तरी एकशे एकाव्या वेळी हा माणूस पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हणायचा, "हां मावशी, लई चांगलं विचारलं."

अशा दोघांचा सत्कार करायचा, तोही त्यांना न कळवता, आणि त्या दिवशी त्यांनी काडीचंही काम करायचं नाही, असं एडविननी ठरवलं. सगळं ते स्वतः करणार होते. पाच वाजता काहीतरी निमित्त काढून दोघांना घरून उचलायचं आणि थेट स्टेजवर. झकास!

त्यांनी सभासदांना एकेक करून कोपऱ्यात घेतलं आणि कानात कार्यक्रम सांगितला. मग बायडाबाईंकडे गेले.

"बायडाबाई, येत्या रविवारी तुम्ही येऊ नका. कानिफनाथांनाही सांगा."

"का वो भाऊ? वर्ग न्हाई का?"

आता 'आहे' म्हणावं तर त्या येणार. "नाही," एडविन म्हणाले.

"आन् मी काही चुकले का? तुमचं त्वांड असं का झालंय?"

गुपित लपवताना एडविनचं तोंड चोरी पकडल्यासारखं व्हायचं, त्याला ते तरी काय करणार! घाईघाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चुकलं काही नाही हो. पण आता तुमचं वय झालं. किती दिवस करणार? आराम करा."

(एडविन बायडाबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठे.)

बायडाबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. एडविनला वाटलं, जमलं!

रविवारी सकाळी चर्चमधून आल्या आल्या त्यांनी शिऱ्याला हात घातला. त्यांच्या पत्नी सिल्व्हियाबाई म्हणाल्या, "अहो, चाळीस माणसांचं आहे. बाहेर सांगा कुणाला तरी."

"प्रेमाचा सत्कार आहे. शिरा घरचाच पाहिजे."

"मग मला तरी करू द्या."

"तू फक्त बघ."

सिल्व्हियाबाईंनी बघितलं. शिरा पातळ दिसला म्हणून एडविननी रवा टाकला. मग घट्ट वाटला म्हणून तूप टाकलं. मग तूप फार दिसायला लागलं म्हणून पुन्हा रवा. शेवटी उलथनं पातेल्याच्या मधोमध झेंड्यासारखं उभं राहिलं आणि काही केल्या निघेना. वेळ झाली होती. पातेलं उलथन्यासकट रिक्षात चढलं.

हॉलवर पोचले तर दाराला कुलूप! चावी बायडाबाईंकडे. इतकी वर्षं दार आपोआप उघडं असायचं, त्यामुळे त्याला चावी लागते हे सचिवांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुणतांब्याहून आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त मुख्याध्यापक राधाकृष्ण गुरुजी, पायरीवर बसले होते.

"कार्यक्रम आजच ना?" गुरुजींनी विचारलं.

"आजच, आजच. मंडळी येतीलच."

मंडळी आली नाहीत. सव्वाचार झाले, साडेचार झाले. एक कुत्रं तेवढं पातेल्यापाशी येऊन, वास घेऊन, निघून गेलं. भाषण विसरायला नको म्हणून गुरुजी ते सिल्व्हियाबाईंना म्हणून दाखवू लागले. त्या बिचाऱ्या योग्य ठिकाणी टाळ्या वाजवत होत्या.

एडविननी अब्राहामकाकांना फोन लावला. "काका, कुठे आहात?"

"घरी. वर्ग नाही ना आज?"

"अहो, मी तुम्हाला कानात काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलंस, आहे. नंतर बायडाबाईंचा फोन आला, नाही. मग नाहीच असणार ना!"

एडविनच्या कपाळावर घाम आला. बायडाबाईंना वर्ग नाही असं सांगितलं म्हटल्यावर त्या गप्प बसणार होत्या का? त्यांनी एकूणएक सभासदाला कळवलं होतं. ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांच्या दारात कानिफनाथ व्हॅन घेऊन निरोप द्यायला गेले होते, म्हातारी माणसं उन्हात हेलपाटा घालायला नकोत म्हणून.

आता एवढ्या लोकांना तासाभरात गोळा करू शकेल असं गावात एकच माणूस होतं. एडविननी डोळे मिटले, मनातल्या मनात प्रार्थना केली आणि फोन लावला.

"बायडाबाई, जरा अडचण आहे. हॉलवर कार्यक्रम आहे आणि कुणीच नाही."

"कसला कार्यक्रम?"

"सत्कार आहे. एकाचा. म्हणजे दोघांचा. ते... आत्ता सांगता येत नाही."

बायडाबाई म्हणाल्या, "पाव्हणे आलेत का? उन्हात बसवू नका त्यास्नी. आलेच मी."

दहा मिनिटांत त्या चावी घेऊन हजर. एका कानाला मोबाईल, दुसऱ्या हातात झाडू. कानिफनाथांच्या व्हॅननं तीन खेपा केल्या. राहीबाई उतरल्या, अब्राहामकाका उतरले, पेटीवाले पेटीसकट उतरले. कानिफनाथांनी माईक चालू केला, खुर्च्या लावल्या, मग दोन्ही पाय रोवून पातेल्यातलं उलथनं उपटून काढलं. बायडाबाईंनी शिऱ्याकडे पाहिलं, एडविनकडे पाहिलं, आणि काही न विचारता सुरी घेऊन त्याच्या वड्या पाडल्या. एडविन मधे मधे "अहो, तुम्ही बसा ना, तुम्ही नका करू" म्हणत फिरत होते आणि सगळ्यांच्या पायात येत होते.

पाच वाजून गेले तेव्हा हॉल गच्च भरला होता. चहाचं आधण ठेवून बायडाबाई एडविनपाशी आल्या आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली.

"ही घ्या भाऊ. नव्या मान्सांना द्या. खिडकीची खिट्टी जरा वर उचलून लावावी लागती, तेवढं सांगा त्यांला."

"कोण नवी माणसं?"

"ज्यांचा सत्कार हाय ती. आमचं वय झालं, आमी समजलो. कानिफनाथही म्हनले, चला, हौसेनं करू, शेवटचंच हाय."

एडविननी हातातल्या चावीकडे पाहिलं. आपल्या जागी दुसरं कुणी येतंय असं समजून या दोघांनी त्या दुसऱ्यांच्या सत्काराला माणसं गोळा केली होती, खुर्च्या पुसल्या होत्या, वड्या पाडल्या होत्या! लिहून आणलेलं भाषण त्यांना आठवेना. ते तसेच माईकपाशी गेले.

"सत्कार बायडाबाईंचा आणि कानिफनाथांचा आहे," ते म्हणाले. "बाकी सगळी चूक माझी आहे."

सगळा हॉल उभा राहिला. ज्यांना गुडघ्यांमुळे उठता येत नव्हतं, ते शेजारच्याला धरून उठले. टाळ्या थांबेनात. पण सत्कारमूर्ती कुठे होत्या? कानिफनाथ धावत आतल्या खोलीत गेले.

"बाई, चला! आपलंच नाव घेतलं!"

"थांबा वो, च्या उतू जाईल!"

शेवटी राहीबाईंनी चहा सांभाळला आणि बायडाबाई पदराला हात पुसत स्टेजवर आल्या. शाल अंगावर पडली तशा त्या रडल्या, आणि त्यांना पाहून कानिफनाथांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ परत घातला नाही. गुरुजींचं भाषण उत्तम झालं. सिल्व्हियाबाईंनी पुन्हा योग्य ठिकाणी टाळ्या वाजवल्या. बायडाबाईंना बोलायला सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी शाळेत लई शिकले न्हाई. म्हनून इथं दर रविवारी पयली येती. आन् भाऊ, ती चावी द्या इकडं."

एडविननी मुकाट्यानं दिली.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होताच अब्राहामकाकांनी ठराव मांडला, की यापुढे सचिवांनी कुणाचाही सत्कार बायडाबाईंना विचारल्याशिवाय करू नये. मागून खणखणीत आवाजात अनुमोदन आलं. एडविननी वळून पाहिलं, तर सिल्व्हियाबाई!

"हरकत आहे," एडविन म्हणाले. "ही वर्गाची सभासद नाही."

"झाल्यात की," बायडाबाई म्हणाल्या. "आत्ताच झाल्या. तेवढ्यासाठीच आल्यात त्या."